‘हिज नेम इज मड’ : अर्थ, साचा आणि नेहमी होणाऱ्या चुका

परदेशी ग्राहकासोबतच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, ‘इफ दिस गोज राँग, माय नेम इज मड.’ शेवटचे चारही शब्द अगदी सुरुवातीच्या इंग्रजी पुस्तकातले असतात. तरी ‘माझं नाव चिखल आहे’ असा अर्थ लावला तर हाती काहीच लागत नाही. बोलणाऱ्याला म्हणायचं असतं, ‘हे फसलं तर सगळे माझ्या नावाने खडे फोडतील.’

इंग्रजीत हा वाक्प्रचार घरात, ऑफिसात, खेळाच्या बातम्यांत, राजकारणात सगळीकडे चालतो. तो वापरायला अवघड नाही, पण त्याचा साचा ठरलेला आहे आणि मराठीतून विचार करत इंग्रजी बोलणारे त्यात ठरावीक जागीच अडखळतात. त्या जागा ओळीने पाहू.

पहिली पायरी : कुणाच्या लेखी?

‘मड’ म्हणजे चिखल. ज्याचं नाव ‘मड’ झालं, त्याच्यावर काही लोक नाराज आहेत, त्याची त्यांच्याकडची पत गेली आहे. इथे ‘काही लोक’ हे सगळ्यात महत्त्वाचं. शब्दकोशात ‘बदनाम होणे’ एवढाच अर्थ पाठ करणारे इथेच फसतात. बदनामी गावभर असते. ‘नेम इज मड’ मात्र एका घरापुरतं, एका टीमपुरतं, एका बायकोपुरतंही असू शकतं. लग्नाचा वाढदिवस विसरलेला नवरा समाजातून उठत नाही, पण घरात त्याचं नाव त्या दिवशी ‘मड’ असतं.

म्हणून वाक्य ऐकलं की तीन प्रश्न विचारायचे. नाराज कोण आहे? कशामुळे? आणि आत्ता आहे, की पूर्वी होतं? तिन्हींची उत्तरं मिळाली की मराठीत काय म्हणायचं ते आपोआप ठरतं. हलकं प्रकरण असेल तर ‘माझी काही धडगत नाही’ किंवा ‘सगळे माझ्या नावाने शिमगा करतील’. मधलं असेल तर ‘तिथे त्याचं नाव काढायची सोय नाही’. गंभीर असेल तर ‘पत गेली’, ‘नाचक्की झाली’, ‘नाव धुळीला मिळालं’. एकच मराठी प्रतिशब्द सगळीकडे डकवला तर वाढदिवस विसरलेल्या नवऱ्याची अब्रू वेशीवर टांगली जाते.

अजून एक छटा लक्षात ठेवा. ज्याचं नाव ‘मड’ झालं, त्याने बहुतेक वेळा स्वतःच काहीतरी केलेलं असतं, किंवा निदान लोकांना तसं वाटत असतं. दुसऱ्याने मुद्दाम केलेल्या बदनामीसाठी वेगळा वाक्प्रचार आहे. तो पुढे येईलच.

दुसरी पायरी : साचा न मोडणं

साचा असा: कुणाचं तरी (माय, हिज, हर, युअर, देअर किंवा ‘द काँट्रॅक्टर्स’), मग नेम, मग इज-वॉज-विल बी, आणि शेवटी मड. बस. मधे काही घालायचं नाही, काढायचंही नाही.

‘मड’च्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ येत नाही. ‘हिज नेम इज अ मड’ हे चूक. ‘मडी’ हे विशेषणही चालत नाही. ‘हिज नेम इज मडी’ म्हटलं तर कागदावर लिहिलेलं नाव चिखलाने माखलं असं वाटेल. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ‘हिज नेम इज इन द मड’. आपल्याकडे नाव मातीत मिळतं, धुळीला मिळतं, त्यामुळे ‘मध्ये’ दाखवणारा ‘इन’ जिभेवर येतोच. पण इंग्रजीत इथे नाव चिखलात पडत नाही. नाव आणि चिखल यांच्यामध्ये सरळ बरोबरचं चिन्ह आहे.

एकापेक्षा जास्त माणसं असतील तर ‘देअर नेम्स आर मड’. कंपनी किंवा संस्था असेल तर एकच नाव, म्हणून ‘देअर नेम इज मड’. ‘मड’चं मात्र अनेकवचन कधीच होत नाही. कंपनीबद्दल हा वाक्प्रचार खुशाल वापरा: ‘आफ्टर द रिकॉल, द कंपनीज नेम वॉज मड विथ इट्स डीलर्स.’ सदोष माल परत मागवल्यानंतर विक्रेत्यांमध्ये कंपनीचं नाव खराब झालं.

काळ बदलायला हरकत नाही. वर्तमान, भूत, भविष्य तिन्ही चालतात. ‘हॅज बिन मड एव्हर सिन्स’ म्हणजे तेव्हापासून आजपर्यंत. फक्त ‘इज बीइंग मड’ असं चालू काळाचं रूप करू नका. मराठीतलं ‘बदनाम होतोय’ मनात असलं की ते ‘बीइंग’ डोकावतं.

‘इफ’बरोबर हा वाक्प्रचार फार शोभतो आणि बोलण्यात तो तसाच पुष्कळदा भेटतो. ‘इफ आय मिस द फ्लाइट, माय नेम विल बी मड.’ इथे ‘इफ’च्या भागात ‘विल’ येत नाही. ‘इफ आय विल मिस’ ही आपली जुनी सवय आहे, ‘चुकवेन तर’मधला भविष्यकाळ उचलून नेलेली. दुसऱ्या भागात ‘विल बी’ किंवा साधं ‘इज’ दोन्ही चालतात. ‘इज’ने बोलणं जास्त ठसकेबाज होतं.

तिसरी पायरी : ‘विथ’ची जागा भरणं

‘कुणाच्या लेखी’ हे सांगायला ‘विथ’ लागतो. ‘हिज नेम इज मड विथ द व्होटर्स’ म्हणजे मतदारांच्या मनातून तो उतरला आहे. मराठीत आपण लोकांत, लोकांकडे, लोकांमध्ये असं म्हणतो, म्हणून इन, टू, बिटवीन असे शब्द येतात. माणसांसाठी ‘विथ’ लावा. माणसांचा मोठा गट असेल तर ‘अमंग’ही चालतो. जागेसाठी ‘इन दॅट टाउन’, ‘ॲट द बँक’. बोलीभाषेत सगळ्यात सहज येतं ते ‘अराउंड हिअर’, म्हणजे ‘इथे आमच्याकडे’.

कारण सांगायचं तर ‘आफ्टर’ किंवा ‘फॉर’ लावा. ‘हर नेम वॉज मड विथ द नेबर्स आफ्टर दॅट पार्टी.’ त्या पार्टीनंतर शेजारी तिच्या नावाने बोटं मोडत होते. ‘ड्यू टू’ लावलं तर व्याकरण बिघडत नाही, पण गप्पांमध्ये मधेच सरकारी परिपत्रक शिरल्यासारखं वाटतं.

‘विथ’चा भाग गाळायची मुभा आहे, पण ऐकणाऱ्याला संदर्भ माहीत असेल तेव्हाच. नवख्याने तो घालायची सवय लावून घ्यावी. त्याने वाक्य स्पष्ट होतं, आणि आपण अख्ख्या जगाच्या वतीने निकाल देत नाही आहोत हेही कळतं.

उच्चार आणि स्पेलिंग

‘मड’मधला स्वर ‘कप’, ‘बस’मधला आहे, तोंड फार उघडायचं नाही. तो ‘मॅड’ झाला की ‘त्याचं नाव वेडा’ असं काहीतरी होतं. ‘ड’वर थांबायचं, पुढे ‘मडं’सारखा स्वर लांबवायचा नाही, तो अर्थ आपल्याला नकोच आहे. वाक्याचा सगळा जोर शेवटच्या शब्दावर. स्पेलिंग एम, यू, आणि एकच डी. दोन डी घातले की तो शब्द उरत नाही, आडनाव होतं. त्या आडनावामुळे बराच घोळ झाला आहे.

डॉक्टर मडची गोष्ट, आणि ती का टिकत नाही

या वाक्प्रचाराचा उगम म्हणून एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये जॉन विल्क्स बूथने अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली. पळताना त्याचा पाय मोडला. पहाटे तो मेरीलँडमधल्या डॉक्टर सॅम्युएल मड यांच्या घरी पोचला आणि त्यांनी त्याचा पाय बांधून दिला. डॉक्टरांवर कटात सामील असल्याचा आरोप ठेवून लष्करी आयोगापुढे खटला चालला आणि जन्मठेप झाली. फ्लोरिडाच्या टोकाशी ड्राय टॉर्टुगाज बेटांवर फोर्ट जेफरसन नावाचा किल्ला आहे, तिथल्या तुरुंगात त्यांना धाडलं. १८६७ मध्ये तिथे पीतज्वराची साथ आली, तुरुंगाचे डॉक्टर त्यात गेले आणि मड यांनी रुग्णांची जबाबदारी घेतली. १८६९ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्यांना माफी दिली.

हे सगळं खरं आहे. खोटं आहे ते एवढंच की वाक्प्रचार त्यांच्यामुळे जन्मला. १८२३ मध्ये लंडनमध्ये जॉन बॅडकॉक यांनी ‘जॉन बी’ या टोपणनावाने बोलीभाषेचा एक कोश छापला, त्यात हा वाक्प्रचार आधीच नोंदलेला आहे. म्हणजे लिंकन यांच्या हत्येच्या ४२ वर्षं आधी. त्या नोंदीत ‘मड’चा अर्थ बडबड करणारा मूर्ख माणूस असा दिला आहे, आणि एखादं भिकार भाषण संपलं की वक्त्याला उद्देशून हे शब्द फेकत, असं त्यावरून दिसतं. मूर्खाला ‘मड’ म्हणायची पद्धत इंग्रजीत अठराव्या शतकापासूनची. आधी टोमणा होता ‘मूर्ख आहे’ एवढाच. नाराजी आणि गेलेली पत हा अर्थ नंतर चढत गेला.

डॉक्टरांच्या आडनावामुळे अमेरिकेत या शब्दांना जास्त धार आली असेल, हे मानायला हरकत नाही. पण उगम म्हणून ती गोष्ट सांगू नका. मुलाखतीत किंवा वर्गात सांगितलीत आणि समोर जाणकार असला तर पंचाईत होईल.

शेजारचे वाक्प्रचार

चिखलाच्या घरातले बाकीचे वाक्प्रचार ओळखले नाहीत तर ते एकमेकांत मिसळतात. सगळ्यात जवळचा म्हणजे ‘ड्रॅग समवन्स नेम थ्रू द मड’. कुणीतरी दुसऱ्याचं नाव चिखलातून फरपटत नेतं. इथे करणारा वेगळा असतो, आणि ज्याचं नाव फरपटलं तो पूर्ण निर्दोष असू शकतो. ‘दे ड्रॅग्ड हर नेम थ्रू द मड’ म्हटलं की बोलणाऱ्याची सहानुभूती बहुतेकदा ‘तिच्या’ बाजूला असते. ‘हर नेम इज मड’मध्ये तशी सहानुभूती गृहीत नाही. व्याकरणातला फरकही पाहा: इथे चिखलातून प्रवास आहे, म्हणून ‘थ्रू’ आणि ‘द’ दोन्ही हवेत, तिथे नाव आणि चिखल एकच, म्हणून दोन्ही नकोत. ‘हर नेम वॉज ड्रॅग्ड थ्रू द मड’ असा कर्मणी प्रयोग इथे होतो, ‘इज मड’चा होत नाही.

‘मडस्लिंगिंग’ म्हणजे आपली चिखलफेक, विशेषतः निवडणुकीतली. मराठी वाचकाला ती समजावून सांगायला नको. ‘मड स्टिक्स’ म्हणजे आरोप खोटा ठरला तरी डाग उरतोच. हा विचार जुना आहे. बेधडक निंदा करा, काही ना काही चिकटतंच, अशा अर्थाचं लॅटिन वचन फ्रान्सिस बेकन यांच्या लिखाणात आहे.

‘गिव्ह समवन अ बॅड नेम’ हे थोड्यांमुळे सगळ्यांना बट्टा लागतो तेव्हा: ‘अ फ्यू रॅश ड्रायव्हर्स गिव्ह द रेस्ट अ बॅड नेम.’ इथे ‘अ’ विसरू नका.

आणि तीन वाक्प्रचार असे, ज्यांत ‘मड’ आहे पण अब्रूशी काही संबंध नाही. ‘ॲज क्लिअर ॲज मड’ म्हणजे काहीच न कळणं, उपरोधाने. ‘स्टिक-इन-द-मड’ म्हणजे नवं काही करायला तयार नसलेला माणूस. ‘हिअर्ज मड इन युअर आय’ हे तर पेला उंचावताना म्हणतात. स्पर्धा परीक्षेत पर्याय देताना नेमकी याच ठिकाणी फसगत करतात. ‘नेम इज मड’साठी ‘टू बी डर्टी’, ‘टू बी अनक्लिअर’, ‘टू बी इन डिसग्रेस’ असे पर्याय आले तर तिसऱ्यावर खूण करा.

कुठे वापरायचं नाही

हा बोलण्यातला वाक्प्रचार आहे. स्वतःबद्दल, हसत, होऊ घातलेल्या चुकीबद्दल वापरला तर सगळ्यात सुरक्षित. ‘आय प्रॉमिस्ड मोदक्स फॉर द होल टीम. माय नेम विल बी मड इफ आय टर्न अप विदाउट देम.’ गणेशोत्सवात मोदक कबूल करून हात हलवत गेलो तर माझी खैर नाही. असं वाक्य कुणाला टोचत नाही.

तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना धार वाढते. समोरच्यालाच ‘युअर नेम इज मड’ म्हणायचं तर मैत्री घट्ट हवी. नाहीतर ती थट्टा नाही, धमकी किंवा अपमान ठरतो. वरिष्ठांना, सासरच्या मंडळींना, ग्राहकाला हे म्हणू नये.

औपचारिक पत्रात हा वाक्प्रचार शोभत नाही. ग्राहकाला ईमेल लिहिताना ‘द व्हेंडर्स नेम इज मड’ न लिहिता ‘द व्हेंडर हॅज लॉस्ट अवर ट्रस्ट’ लिहा. चौकशी अहवाल, शिफारसपत्र, नोकरीचा अर्ज इथे तर नकोच. खेळाच्या किंवा संस्थांच्या नियमांत याच जागी ‘ब्रिंग इन्टू डिसरेप्यूट’ हे शब्द येतात. त्यांना शिस्तभंगाच्या आरोपाचं वजन असतं, गप्पांत ते वापरले तर हसू येईल.

एक इशारा. नाव घेऊन जाहीरपणे लिहीत असाल तर ‘वाक्प्रचारच तर वापरला’ ही ढाल पुरत नाही. भारतात बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, त्याआधी भारतीय दंडविधानाची कलमं ४९९ आणि ५००. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खजिनदाराचं नाव ‘मड’ आहे असं लिहिण्याआधी दोनदा विचार करा.

मराठी ‘नाव’ इंग्रजीत नेताना

आपल्याकडे ‘नाव’ या शब्दावर इतके वाक्प्रचार उभे आहेत की त्यांचं शब्दशः भाषांतर करायचा मोह होतो. ‘डोन्ट स्पॉइल माय नेम’ हे ‘माझं नाव खराब करू नकोस’ यावरून आलेलं. भारतात ते सगळ्यांना कळतं; लंडनमध्येही कळेल, पण कानाला खटकेल. तिथे म्हणतील ‘डोन्ट गिव्ह मी अ बॅड नेम’, किंवा दुसऱ्यांकडे चुगली करतोय असं असेल तर ‘स्टॉप ड्रॅगिंग माय नेम थ्रू द मड’.

‘ती सगळ्यांना नावं ठेवते’ याचं ‘शी कीप्स नेम्स’ करू नका. कुणालाच काही कळणार नाही. ‘शी फाइंड्स फॉल्ट विथ एव्हरीवन’ म्हणा. ‘पोराने बापाचं नाव काढलं’ याला ‘टुक आउट’ नको, ‘ही डिड हिज फादर प्राउड’ बसतं. आणि ‘त्याचं नाव काढू नकोस’ याला ‘डोन्ट मेन्शन हिज नेम’. हे शेवटचं वाक्य ‘हिज नेम इज मड अराउंड हिअर’ला जोडून येतं तेव्हा छान जमतं: ‘डोन्ट मेन्शन हिम, हिज नेम इज मड अराउंड हिअर.’ दोन्ही अर्धुकं एकमेकांना धरून आहेत, म्हणून सरावाला हेच वाक्य घ्या आणि माणूस, जागा, काळ बदलत राहा.

नाव परत कसं मिळतं

यापुढचा भाग बहुतेक पुस्तकं सांगत नाहीत. नाव ‘मड’ झाल्यावर ते सुधारलं हे सांगायला ‘हिज नेम इज नो लाँगर मड’ असं क्वचितच म्हणतात. तीन वेगळे शब्दप्रयोग आहेत आणि ते अदलाबदल करून चालत नाहीत.

आरोप खोटा होता असं सिद्ध करायचं असेल तर ‘क्लिअर वन्स नेम’. डॉक्टर मड यांच्या नातवाने आजोबांसाठी कित्येक दशकं हेच केलं, आणि १९७९ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्याला सहानुभूतीचं पत्रही लिहिलं. इथे ‘ही ट्राइड टू क्लिअर हिज ग्रँडफादर्स नेम’ अगदी बरोबर बसतं.

चूक खरीच झाली होती, पण नंतरच्या कामाने भरून काढली, तर ‘रिडीम वनसेल्फ’. मार्च २०१८ मध्ये केपटाऊन कसोटीत चेंडूशी छेडछाड झाल्याचं उघड झालं, तेव्हा कर्णधार स्टीव्ह स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नर यांच्यावर क्रिकेट ऑस्ट्रेलियाने १२ महिन्यांची बंदी घातली, कॅमेरॉन बॅनक्रॉफ्टवर नऊ महिन्यांची. त्या आठवड्याबद्दल ‘देअर नेम्स वेअर मड विथ ऑस्ट्रेलियन फॅन्स’ हे वाक्य चपखल आहे. पुढच्या वर्षीच्या ॲशेस मालिकेत स्मिथने ७७४ धावा काढल्या. त्याबद्दल ‘ही रिडीम्ड हिमसेल्फ विथ द बॅट’ म्हणता येतं. ‘ही क्लिअर्ड हिज नेम’ म्हणता येत नाही, कारण चूक त्याने कबूल केली होती.

तिसरा ‘लिव्ह इट डाउन’. लोक विसरेपर्यंत दिवस काढणं. हा बहुतेक वेळा नकारार्थीच येतो: ‘ही विल नेव्हर लिव्ह इट डाउन.’ मराठीत ‘आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल’. ‘इट’ मधेच राहतो. ‘लिव्ह डाउन इट’ चूक. मात्र पूर्ण नाम असेल तर ते ‘डाउन’नंतर येतं: ‘लिव्ह डाउन द स्कँडल’.